टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या बार्टन क्रीक या ओढ्यात गळाला पहिला बास (गोड्या पाण्यातला मासा) लागला, पण हा नक्की कुठला बास? आणि आपल्या जिताड्याशी याचं काही नातं आहे का?

पहिल्यांदा अभिनंदन हो! पहिला मासा लागल्यावर दोरी ताणते आणि हाताला ती जिवंत ओढ जाणवते ना, ती मला अजून आठवते, त्यामुळे तुमचा आनंद मी अगदी समजू शकतो.

तुम्ही लिहिलंय की मासा ११ इंचाचा होता, हिरवट, कडेला काळपट डाग, आणि ऑफिसातला एक मित्र म्हणतो लार्जमाउथ या मोठ्या तोंडाच्या बासचं पिल्लू आहे तर दुसरा म्हणतो तोंड लहान आहे म्हणजे स्मॉलमाउथ, लहान तोंडाचा बासच. मला तो दोन्ही वाटत नाही. तो ग्वाडालूप बास आहे असं माझं मत आहे, आणि तसं असेल तर तुमच्या पहिल्याच गळाला टेक्ससचा राज्यमासा लागलाय. १९८९ पासून त्याला तो मान आहे आणि मूळचा तो टेक्ससशिवाय जगात कुठेच सापडत नाही.

कशावरून म्हणतो ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच ओळखता येईल. तुमचा पहिला फोटो, अंगठा जबड्यात घालून धरलेला, तो दिसायला छान आहे पण ओळखायला काही कामाचा नाही कारण तोंड उघडलं की प्रत्येक बास लार्जमाउथच दिसतो. दुसरा फोटो बघा, आडवा ठेवलेला, तोंड मिटलेलं. वरच्या जबड्याचं हाड मागे कुठपर्यंत जातं ते बघायचं. लार्जमाउथमध्ये ते डोळ्याच्या मागच्या कडेच्या पलीकडे जातं, तुमच्या माशात ते डोळ्याखालीच संपलंय. फक्त यात एक मेख आहे, लार्जमाउथ अगदी लहान असेल तर त्याचाही जबडा तेवढा मागे गेलेला नसतो, म्हणून नुसत्या जबड्यावर कधीच निकाल द्यायचा नाही.

मग पाठीवरचा पर बघायचा. त्याचे दोन भाग असतात, पुढचा काटेरी आणि मागचा मऊ. लार्जमाउथमध्ये मधे इतकी खोल खाच असते की दोन वेगळे पर आहेत असं वाटतं. तुमच्या फोटोत पर थोडा मिटलाय तरी दोन्ही भाग सलग जोडलेले स्पष्ट दिसतायत आणि खाच उथळ आहे, त्यामुळे माझ्या दृष्टीने लार्जमाउथ इथेच बाद झाला.

आता स्मॉलमाउथ का नाही. त्याचा रंग तपकिरी, ब्राँझकडे झुकणारा आणि अंगावर उभे पट्टे असतात. तुमच्या माशाला कडेने शंकरपाळ्यासारख्या आकाराचे डाग आहेत, एकापुढे एक, आणि ते पोटाच्या बाजूला बरेच खाली उतरलेत. ही ग्वाडालूपची खूण. स्पॉटेड बास नावाचा एक याच्यासारखाच दिसणारा भाऊबंद आहे पण तो मुख्यतः पूर्व टेक्ससकडचा. रंगाच्या छटेवर मात्र फार जाऊ नका, गढूळ पाण्यातला मासा फिकट असतो आणि तोच नितळ पाण्यात गडद दिसतो.

अजून एक खूण आहे जी फोटोत दिसूच शकत नाही, ती म्हणजे जीभ. ओल्या बोटाने जिभेच्या मधोमध हळूच चाचपून बघायचं. ग्वाडालूप आणि स्पॉटेडच्या जिभेवर बारीक दातांचा खरखरीत पट्टा असतो, पॉलिश पेपरसारखा लागतो, लार्जमाउथची जीभ बहुतेक वेळा गुळगुळीत असते. घाबरू नका, बासचे दात बोट कापण्याइतके मोठे नसतात.

जागाही जुळते. ग्वाडालूपला वाहतं पाणी आवडतं, हिल कंट्री म्हणजे मध्य टेक्ससच्या डोंगराळ भागातले ओढे, नद्या, दगडांमागची जागा जिथे प्रवाह जरा मंदावतो. तुम्ही म्हणालात खडकाच्या आडोशाला आमिष पडल्या पडल्या त्याने घेतलं, अगदी तीच त्याची बसायची जागा. आणि ११ इंच म्हणजे लहान आहे असं अजिबात वाटून घेऊ नका, लार्जमाउथ १० पौंडांचाही होतो पण हा साडेतीन पौंडांच्या वर गेलेला फार विरळा, त्यामुळे ११ इंची ग्वाडालूप म्हणजे चांगला मोठा मासा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. १९७० च्या दशकात इथल्या काही नद्यांमध्ये हौशी मासेमारीसाठी म्हणून बाहेरून स्मॉलमाउथ आणून सोडले, त्यांचा ग्वाडालूपशी संकर झाला आणि काही ठिकाणी शुद्ध ग्वाडालूप संपायलाच आला होता. मग राज्याच्या वन्यजीव खात्याने वर्षानुवर्षं त्याची पिल्लं वाढवून नद्यांत सोडली तेव्हा कुठे तो सावरतोय. म्हणूनच १०० टक्के खात्री फक्त जनुकीय तपासणीतूनच होते, डोळ्यांना संकर ओळखता येईलच असं नाही. आणि तुम्ही तो परत सोडलात हे वाचून मला फार बरं वाटलं. फक्त पुढच्या वेळी त्याला कोरड्या गवतावर ठेवू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. हात आधी ओले करायचे, पाण्याच्या अगदी वर धरून तोंड मिटलेला, पर उघडलेला असा बाजूने एक फोटो काढायचा आणि लगेच सोडायचा.

जात ओळखणं हे नुसतं हौसेपुरतं नाही बरं का. टेक्ससमध्ये साधारण नियम असा की लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ १४ इंचांपेक्षा लहान असेल तर ठेवता येत नाही, ग्वाडालूपला किमान लांबीची अट नाही, आणि काही तलावांचे नियम वेगळे असतात. म्हणजे घरी न्यायचा विचार असेल तर जबडा, पर आणि जीभ तिन्ही बघितल्याशिवाय नेऊ नका.

आता जिताडा. मी पेणचा, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जवळचा आहे! नातं जवळजवळ नाहीच. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ, ग्वाडालूप हे ब्लूगिल आणि क्रॅपी या इथल्या माशांच्या कुटुंबातले, गोड्या पाण्यातले. जिताडा वेगळ्या कुटुंबातला, खाडीत, समुद्रात आणि गोड्या पाण्यातही राहणारा, आणि तो आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो, असं या बासमध्ये होत नाही. इंग्रजीत बास हा शब्द कितीतरी वेगवेगळ्या माशांना लावतात, जिताड्याला एशियन सीबास म्हणतात ते त्यातूनच. खायची आठवण येत असेल तर इथल्या दुकानात बारामुंडी म्हणून मिळतो तो घ्या, तो आपला जिताडाच.

पुढचा मासा लागला की जीभ नक्की चाचपून बघा आणि फोटोसकट इथे टाका, मी वाट बघतोय.