केड्स कोव्हमधील तीन जुन्या चर्चपैकी कोणते पाहावे?

अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात केड्स कोव्हच्या रस्त्यावर तीन जुनी चर्च लागतात. ती सगळी पाहावीत की एखादे पुरे, आणि आत जाऊ देतात का, असे आपण विचारले आहे. आत जाता येते, तिकीट नाही आणि अडवणारेही सहसा कोणी नसते. वेळ कमी असेल तर प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्च आणि त्यालगतची दफनभूमी एवढेच पाहावे, पण त्याला निवांत पाऊण तास द्यावा, असे दोनदा जाऊन आल्यावर माझे मत झाले आहे.

टेनेसीतील या खोऱ्यात कायम वस्तीसाठी आलेले पहिले गोरे कुटुंब जॉन आणि ल्युक्रिशिया ऑलिव्हर यांचे, वर्ष 1818. चेरोकी या तेथील मूळ रहिवासी लोकांनी दिलेल्या सुकवलेल्या भोपळ्यावर त्यांनी पहिला हिवाळा काढला असे सांगतात. पुढच्याच वर्षीच्या तहाने चेरोकींचा या जमिनीवरचा हक्क संपला. 1827 मध्ये बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी, म्हणजे उपासकांचा समुदाय, स्थापन झाली आणि ओंडक्यांच्या पहिल्या चर्चऐवजी आजची पांढरी लाकडी इमारत 1887 मध्ये उभी राहिली.

वसईची चर्च पाहिलेल्या माणसाला आत शिरल्यावर क्षणभर चुकल्यासारखे होते. सजवलेली वेदी नाही, मूर्ती नाही, रंगीत काचा नाहीत. आहेत त्या बिनरंगी फळ्या, लाकडी बाक आणि पाळकांसाठी साधे व्यासपीठ. मी बाकावर बसलो होतो तेव्हा दारातून कोणी आत आले की त्याच्या पावलांचा आवाज सबंध खोलीत घुमत असे. हा साधेपणा केवळ गरिबीतून आलेला नाही. जे नव्या करारात सांगितलेले नाही ते आपल्या उपासनेत नको, अशी प्रिमिटिव्ह बॅप्टिस्टांची भूमिका असल्यामुळे वाद्ये, संडे स्कूल आणि मिशन संस्था या तिन्ही गोष्टी त्यांनी नाकारल्या होत्या. मिशनकार्याच्या मुद्द्यावर तर मंडळीतच फूट पडली, आणि बाहेर काढलेल्यांनी 1839 मध्ये वेगळी मिशनरी बॅप्टिस्ट मंडळी काढली. तिची आजची इमारत 1915 ची असून ती याच रस्त्यावर पुढे लागते. काही शेकडा वस्तीच्या खोऱ्यात इतकी चर्च कशाला, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या भांडणात आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धात प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट मंडळी उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या बाजूची होती. दक्षिणेकडच्या टोळ्यांच्या धाडींमुळे चर्च बंद ठेवावे लागले, आणि ते का बंद ठेवले याचा खुलासा युद्धानंतर मंडळीने आपल्या वहीत स्वतःच नोंदवून ठेवला. दफनभूमीत ऑलिव्हर पतीपत्नींच्या कबरी आहेतच, पण रसेल ग्रेगरी यांची कबर अवश्य शोधावी. धाडींविरुद्ध गावकऱ्यांना उभे करणाऱ्या या म्हाताऱ्याला 1864 मध्ये मारण्यात आले, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या बंडखोरांनी त्यांचा खून केला, असे थडग्याच्या दगडावर स्पष्ट कोरलेले आहे. मारणाऱ्यांचा असा उल्लेख मी दुसऱ्या कोणत्याही थडग्यावर वाचलेला नाही.

मेथडिस्ट चर्चपाशी दहा मिनिटे पुरतात. जे. डी. मॅकॅम्पबेल या लोहार-सुताराने ते 1902 मध्ये 115 दिवसांत, 115 डॉलरमध्ये बांधले आणि पुढे ते स्वतःच तेथे पाळक झाले. दर्शनी बाजूला दोन दरवाजे आहेत. स्त्रीपुरुषांना वेगळे बसवण्यासाठी अशी रचना तेव्हा करीत; येथे मात्र दुसऱ्या चर्चचा आराखडा उचलल्यामुळे ती आली, बसायला सगळे एकत्रच असत.

आता जाण्याविषयी. रस्ता 11 मैलांचा, एकेरी वाहतुकीचा आहे. ऑलिव्हर यांच्या घरानंतर डावीकडे चर्चचा फाटा येतो. तो चुकला तर स्पार्क्स लेन किंवा हायट लेनने खोरे ओलांडून बराच वळसा घ्यावा लागतो. उन्हाळ्यात बुधवारी गाड्यांना बंदी असते. उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे, परंतु 2023 पासून पंधरा मिनिटांहून अधिक काळ गाडी उभी करायची तर पार्किंगचा परवाना घ्यावा लागतो. ऑक्टोबरात मी दुपारी निघालो, आणि रस्त्याकडेला अस्वल दिसताच पुढच्या सगळ्या गाड्या थबकल्यामुळे चर्चपाशी पोहोचेपर्यंत थडग्यांवरची अक्षरे वाचण्याइतकाही उजेड उरला नव्हता. ग्रेगरी यांचा दगड वाचण्यासाठी मला दुसऱ्यांदा जावे लागले. तेव्हा सकाळी आठच्या आत पोहोचलो आणि तासभर तेथे मी एकटाच होतो.