वाडा सकाळी, फुलराणी संध्याकाळी

प्रश्न: पुढच्या रविवारी साताऱ्याहून सासू-सासरे येताहेत. मुलं चार आणि नऊ वर्षांची. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, सारसबाग आणि पेशवे पार्कातली मुलांची छोटी आगगाडी फुलराणी एका दिवसात बसवायचं आहे. क्रम कसा लावावा? – एक वाचक, बाणेर

उत्तर: आगाखान पॅलेस यादीतून काढा. गांधीजी १९४२ ते १९४४ तिथे स्थानबद्ध होते; कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या तिथेच आहेत. फुलराणीसाठी चुळबुळ करणारं पोर कडेवर घेऊन ही जागा उरकू नये. तिला वेगळी दुपार द्या. आत दालनं, बाहेर मोठी झाडं, त्यामुळे दुपारीही त्रास होत नाही.

शनिवारवाड्याचं नेमकं उलटं. १८२८ च्या आगीत लाकडी इमले जळाले; उरले ते तट, जोती आणि त्यांच्यामधली हिरवळ. सावली फार थोडी. म्हणून सकाळी नवाच्या सुमारास पोचा, अकराच्या आत बाहेर पडा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. टोप्या आणि पाणी जवळ ठेवा, डबा मात्र आत उघडू नका.

दिल्ली दरवाज्यातून घाईने आत शिरू नका. थोरल्याला दाराच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे दाखवा. टोकदार, वीतभर पुढे आलेले, आणि साधारण हत्तीचं कपाळ येईल त्या उंचीवर ठोकलेले. हत्तीच्या धडकेने दार फोडता येऊ नये, हा हेतू. वरच्या नगारखान्याच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर आजी-आजोबांनी खालीच बसावं. तटावर धाकट्याचा हात सोडू नका.

बहुतेकांचा बेत फसतो तो इथून पुढे. जेवून दीड-दोनला बागेत जायचं ठरवतात, आणि महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. कुलूप बघून मुलं रडकुंडीला येतात. त्यामुळे जेवण मंडईच्या आसपास निवांत करा, थोडी विश्रांती घ्या, आणि चारनंतरच निघा. कसबा पेठ स्थानकातून मेट्रोने मंडई, मग स्वारगेट, कसबा पेठेपासून दुसरंच स्थानक. लिफ्ट असल्यामुळे आजी-आजोबांना जिने चढावे लागत नाहीत. स्वारगेटहून रिक्षा करा.

आधी पेशवे पार्क, मग सारसबाग. १९५६ पासून धावणाऱ्या फुलराणीची रांग रविवारी अंधार पडेपर्यंत वाढतच जाते, आणि दमलेलं मूल रांगेत टिकत नाही. रांगेत उभं राहण्याआधी मुलांना शू करवून आणा. दर्शन आणि भेळ नंतर.

सारसबागेत एक गोष्ट मुलांना जरूर सांगा: गणपतीचं देऊळ उंचवट्यावर का? नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं, त्यातलं हे बेट. म्हणून तळ्यातला गणपती. तळं आटवलं, आणि आज जिथे मुलं लोळतात ती हिरवळ म्हणजे त्याचा तळ.

प्रश्न: शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं पंपाशिवाय कसं उडत असे? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: उंचीच्या फरकावर. कात्रजच्या तलावाचं पाणी बांधीव नळातून उताराने शहरात आणलं होतं. बंद नळातलं पाणी उगमाच्या पातळीपर्यंत चढू पाहतं. घर्षणात थोडी उंची जाते, उरलेला दाब तोटीतून वर उसळतो. मात्र वाटेत उघडा हौद आला की दाब तिथेच संपतो, पुढे त्या हौदाच्या पातळीइतकाच मिळतो. सोळा पाकळ्यांच्या कमळात असंख्य तोट्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला थोडंच पाणी. अशा बारीक तोट्यांचा शत्रू गाळ. म्हणून पाणी आधी निवळू देणं भाग असतं, नाहीतर एकेक पाकळी मुकी होत जाते. आता ही पाकळ्यांची रचना शांतपणे बघा, पण कारंज्याच्या काठावर मुलांना उभं करून फोटो काढू नका, दगड झिजतो.

प्रश्न: सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मुलांना बॅट-बॉल घेऊन जावं का? – एक वाचक, धायरी

उत्तर: नको. हे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलं आहे. कोराकुएन म्हणजे तिथल्या इकेदा घराण्याने १७०० साली पूर्ण केलेली, किल्ल्यासमोरची बाग. ती वाटेवाटेने फिरत बघायची असते: वळण घेतलं की पाणी, पुढच्या वळणाला पूल, मग एकदम मोकळी हिरवळ. मुलांना तळ्यातले मासे दाखवा, तासभर पुरेल. खेळायचं असेल तर सारसबाग गाठा.