सोलापूरहून आई-बाबांना मुंबई-गोवा क्रूझला पाठवायचंय, व्ह्यूसाठी कुठली केबिन घेऊ?

बजेट असेल तर सरळ बाल्कनीवाली घ्या, आतली केबिन स्वस्त असते पण तिला खिडकीच नसते, मग व्ह्यू कसला बघणार ओ. आता बाजू. जाताना जहाज दक्षिणेला जातं म्हणजे डाव्या हाताला कोकण किनारा आणि उजव्या हाताला उघडा समुद्र, सूर्यास्त तिकडेच, आणि परत येताना बरोबर उलटं. किनारा तसाही लांब असतो, रात्री तर काहीच दिसत नाही, म्हणून मी तरी जाताना उजवीच घेईन. बुकिंगआधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजावर कुठली केबिन कुठं आहे त्याचा नकाशा, नक्की बघा, काही केबिनच्या खिडकीसमोरच लाइफबोट लटकलेली असते, तसल्या थोड्या स्वस्त मिळतात, एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही. बाबांना गाडी लागत असेल तर जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची बघा, तिथं हलणं कमी. पूल डेकच्या बरोबर खालची नको, डोक्यावर खुर्च्या सरकवतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, जवळच आहे, टॅक्सी करा.