वाचक विचारतात: पाडव्याचा बुफे, ५० पाहुणे आणि हात राखून खर्च

निपाणीहून एक वाचक विचारतात: दिवाळी पाडव्याला संध्याकाळी घरी ५० माणसं जेवायला आहेत. आचारी सांगायची ऐपत नाही, बजेट सहा हजारांच्या आतलं. पुलाव, दोन भाज्या, पुरी, गुलाबजाम, सुरळीच्या वड्या आणि आइस्क्रीम असा बेत ठरतोय. जमेल का?

जमवता येईल, पण जमवू नका. पंगतीत वाढपी वाढतो तेवढंच पानात पडतं. बुफेत मात्र माणूस प्रत्येक पदार्थाचा एक तरी चमचा घेतोच. म्हणून पदार्थ वाढले की पोट तेवढंच राहतं आणि ताटातलं उष्टं वाढतं. शिवाय ‘कमी पडायला नको’ म्हणून प्रत्येक पातेल्यात थोडं जास्त करावं लागतं. सात पातेल्यांतलं ते थोडं-थोडं उरलेलं एकत्र केलं, तर दहा माणसांचं जेवण निघतं. पैसा तिथे जातो.

पाचच पदार्थ करा आणि त्यांतले दोन असे निवडा की जे गार झाले तरी बिघडत नाहीत. आपल्या बेळगाव-निपाणी भागात असे पदार्थ घरचेच आहेत. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, वांगं-बटाट्याची रस्सेदार भाजी, मसालेभात, मूगडाळीची कोशिंबीर आणि गोडाला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली खीर. प्यायला मठ्ठा. किराण्याचे भाव दिवाळीत रोज हलतात, म्हणून खाली वजनं देतो. त्यावरून तुमच्या बाजारातला हिशेब मांडा.

कडक भाकऱ्या ८० पुरतात. त्या घरोघरी करून विकणाऱ्या बायकांकडे चार दिवस आधी सांगून ठेवा. टेबलावर मांडताना प्रत्येकीचे चार तुकडे करा. अख्खी भाकरी उचलली की अर्धी ताटात राहते. लहान मुलांसाठी दीड किलो कणकेच्या पुऱ्या करा. पाणी घालून भिजवल्यावर २५ ग्रॅमची एक लाटी धरली तर जवळपास ९० होतात.

चटणीला पाऊण किलो शेंगदाणे. तिखट ब्याडगी मिरचीचं घ्या. संकेश्वरी मिरचीचा झणका घरच्यांना सोसतो, पाहुण्यांची मुलं रडतात. सोबत दोन लिटर घट्ट दही ठेवा.

भाजीला साडेतीन किलो वांगी आणि दीड किलो बटाटे. भरली वांगी बुफेत ठेवू नका. माणशी दोन धरली तरी पुढचे तीन घेतात, आणि डावाने उचलताना निम्मी फुटतात. मसाला तोच ठेवा: अर्धा किलो शेंगदाण्याचा कूट, १५० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम कारळे. फक्त वांग्याच्या चार-चार फोडी करून मिठाच्या पाण्यात टाका. बटाटे आधी निम्मे शिजवून घ्या, नाहीतर ते कच्चे राहतात आणि वांग्याचा लगदा होतो.

कोशिंबिरीला अर्धा किलो मूगडाळ दीड तास भिजवून निथळा. त्यात एक किलो काकडी, अर्धा किलो गाजर आणि एक नारळ. मीठ आणि लिंबू मात्र टेबलावर नेताना, तेही निम्म्या-निम्म्या भांड्यालाच. सगळ्याला आधी मीठ लावलं तर अर्ध्या तासात तळाशी पाणी साठतं.

मठ्ठ्याला तीन लिटर दही आणि सहा लिटर पाणी. हे माणशी पावणेदोनशे मिलीच्या आसपास होतं, पुरे आहे.

किराणा जिन्नस वसुबारसेच्या आधीच भरून ठेवा. बेळगावजवळ राहत असाल तर रविवार पेठेत घाऊक घेणं परवडतं. शेंगदाणे, गूळ आणि तेल दोन-तीन घरांनी मिळून घ्या.

खानापूरहून: घरी किलोभर मसालेभात मोकळा होतो. पण तीन-चार किलो केला की खाली लागतो, मध्ये गिच्च होतो आणि वरचा कच्चा राहतो. काय चुकतं?

तीन गोष्टी चुकतात, त्यांतली पहिली तांदळाची. दिवाळीच्या सुमारास घरात नवं भात यायला लागतं. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो. बुफेसाठी वर्षभराचा जुना तांदूळ घ्या. घरचा नवाच वापरायचा असेल तर मऊ वरणभात करा, मसालेभाताचा हट्ट नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. किलोचं प्रमाण सरळ चारपट करून चालत नाही, कारण मोठ्या पातेल्यातून त्या मानाने वाफ कमी जाते. जुन्या तांदळाला किलोमागे दोन लिटर आणि वर एक वाटी पाणी पुरतं, नव्याला पावणेदोन लिटर. पाणी उकळतंच घाला. गार पाणी घातलं की उकळी यायला वेळ लागतो आणि तोवर खालचा तांदूळ फुगून बसतो.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते खरी, म्हणजे भाताचं स्वतःचं वजन. साडेतीन किलोचा भात एकाच उंच पातेल्यात केला की वरच्या थराने खालचा दबतो. आच बंद केल्यावरही आत कोंडलेल्या वाफेने तो शिजतच राहतो. म्हणून पावणेदोन-पावणेदोन किलोची दोन पसरट पातेली करा. पाणी आटून भातावर भोकं दिसली की पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवा, झाकण घट्ट बसवा आणि मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं ठेवा. नंतर दहा मिनिटं हात लावू नका. मग कडेने उलथनं घालून परातीत पसरा.

साडेतीन किलो तांदळाला ३५० मिली तेल, १०० ग्रॅम गोडा मसाला आणि दीड किलो भाजी लागते. दिवाळीत मटार महाग असतो. तोंडली आणि फ्लॉवर घ्या, चव तोंडलीचीच येते.

चिकोडीहून: हुग्गीत दूध घातलं की फाटतं. गव्हाचे दाणेही कधीकधी टचटचीत राहतात.

दोन्ही दोष गुळाच्या वेळेचे आहेत. गूळ थोडा आंबट प्रकृतीचा असतो. उकळत्या गुळाच्या खिरीत दूध पडलं की ते नासतं. आणि गहू पुरता मऊ व्हायच्या आत गूळ पडला, तर दाणा पुढे शिजायचाच थांबतो.

५० जणांना सव्वा किलो सडलेली (कांडून कोंडा काढलेली) खपली आणि १०० ग्रॅम तांदूळ घ्या. गहू रात्रभर, निदान आठ तास भिजवा. तिप्पट पाण्यात कुकरला सहा-सात शिट्ट्या आणि नंतर मंद आचेवर १५ मिनिटं. दाणा बोटात चिरडला की आत पांढरा कण दिसता कामा नये. दिसला तर आणखी शिजवा. तांदूळ वेगळा मऊ शिजवून मिसळा, त्याने दाटपणा येतो. सव्वा किलो गूळ तांब्याभर पाण्यात गरम करून गाळून घाला, कारण गुळात कचरा आणि बारीक खडे निघतातच. दोन नारळांचा चव, सुंठ, वेलदोडे आणि अर्धं जायफळ घालून दहा मिनिटं उकळा.

दूध भांड्यात घालूच नका. एक लिटर दूध तापवून कोमट करा आणि पाव किलो तुपासोबत हुग्गीशेजारी ठेवा. ज्याला हवं तो वरून घेतो. असंही आपल्याकडे हुग्गीवर दूध-तूप वरूनच घेतात. हुग्गी निवताना फार आळते, तेव्हा लिटरभर कढत पाणी हाताशी असू द्या.

बेळगाव, शहापूरहून: मागच्या वेळी पहिल्या ३० जणांनीच गुलाबजाम संपवले. लाज वाटली. टेबल कसं मांडावं?

ताटं, कोशिंबीर, चटणी-दही, भाकरी-पुरी, भाजी, भात आणि शेवटी गोड, असा क्रम ठेवा. ताट आधीच भरलेलं असलं की शेवटच्या पदार्थाला जागा कमी उरते. गोड मात्र कुणालाही हाताने घेऊ देऊ नका. घरातली एक जाणती बाई किंवा पुरुष तिथे उभा करा आणि वाट्या भरून द्या. दुसरी वाटी मागितली तर हसून द्यावी, पण सगळ्यांचं एकदा झाल्यावर.

प्रत्येक पदार्थाचा तिसरा हिस्सा आत ठेवा. बाहेरची भांडी निम्मी भरलेली असू द्या आणि त्यातलं निम्मं संपलं की पुन्हा भरा. भाताला मोठा डाव ठेवा, भाजीला मध्यम. मोठा डाव भाजीत पडला की पाच किलो भाजी ३५ माणसांत संपते.

टेबल भिंतीला लावू नका. दोन्ही बाजूंनी माणसं गेली की रांग निम्मी होते. पाणी आणि मठ्ठा दूर, वेगळ्या टेबलावर. तिथे माणसं घुटमळतात आणि रांग अडते. पळसाच्या पत्रावळी बसून जेवणाऱ्यांना छान, पण हातात धरल्या की रश्शाने वाकतात. उभ्याच्या जेवणाला सुपारीच्या पानाची ताटं किंवा भाड्याची स्टीलची ताटं घ्या. सत्तरीपुढच्या मंडळींना खुर्चीवर बसवून वाढा. त्यांना ताट हातात घेऊन रांगेत उभं करणं शोभत नाही.

टिळकवाडीहून: जेवण सात वाजता आहे. दुपारी दोनला सगळा स्वयंपाक उरकून ठेवला तर?

भाताच्या बाबतीत तरी नको. तांदळातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ती वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात सव्वासहाला उतरेल असा लावा. भाजी दुपारी केली तरी वाढण्याआधी खळखळून उकळा आणि झाकून गरम ठेवा. गरम म्हणजे बोट टेकवत नाही इतकी, ६० अंशांच्या वर. चटणी, भाकरी आणि गहू शिजवणं आदल्या दिवशी होऊ शकतं. शिजलेला गहू मात्र फ्रिजमध्ये ठेवा. पुऱ्या ऐनवेळीच तळा. कणीक घट्ट भिजवा, त्यात किलोला मूठभर रवा घाला आणि तळलेल्या पुऱ्या उघड्या बुट्टीत (टोपलीत) उभ्या लावा. गरम पुऱ्या डब्यात घालून झाकण लावलं की वाफेने लुळ्या पडतात.

उरलेला भात परातीत पसरून गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. कुणाला द्यायचा असेल तर त्याच रात्री द्या.

खडेबाजारातून एकच ओळ: पाहुण्यांना कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) हवाच, परवडेल का?

सव्वा किलो आणा. २५ ग्रॅमचा एक लहान चमचा कागदी द्रोणात घालून जेवण झाल्यावर ताटलीतून फिरवा. टेबलावर डबा उघडा ठेवलात तर हिशेब विसरा.