ब्लीच आणि स्मूदनिंगने राठ झालेले केस शिकेकाई-जास्वंदीच्या पाण्याने पुन्हा मऊ होतील का?

जास्वंदीने मऊ लागतील, पण पुढच्या न्हाण्यापर्यंतच. पूर्ववत होणार नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

तुम्ही लिहिलंय की ब्लीच करून रंग लावला, त्यावर स्मूदनिंग केलं, म्हणजे क्रीमने केस सरळ केले, आता केस विंचरताना तुटतात. म्हणून बाजारचा कंडिशनर बंद करून शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी उकळून त्या पाण्याने धुवायला लागलात, तर केस आणखीच कडक झाले. मी पार्लर चालवते, त्यामुळे असे केस रोज हाताखालून जातात आणि ही तक्रारही नेहमीची आहे. ‘नैसर्गिक करूनसुद्धा असं कसं झालं?’ असं बायका विचारतात.

होतं असं, कारण केसांच्या म्हणून ज्या ज्या वनस्पती आहेत त्या सगळ्यांना आपण एकाच माळेत ओवतो. शिकेकाई आणि रिठा ही धुण्याची साधनं. त्यांच्यात सॅपोनिन असतं, ते फेस करतं आणि तेल काढतं. आवळकाठीत भरपूर टॅनिन, म्हणून ती तुरट, आणि टॅनिनचं कामच प्रथिनाला आवळून धरायचं. केस म्हणजे प्रथिनच. तेव्हा तुम्ही रोज जे पाणी ओतत होतात त्यात धुणं आणि आवळणं दोन्ही होतं, मऊ करणारं काही नव्हतंच. मऊ करतात त्या वेगळ्या: जास्वंदीचा पाला, जवस, मेथी, कोरफड. ओळखायची खूण सोपी आहे. हाताला बुळबुळीत लागतं ते मऊ करतं, फेसाळतं ते धुतं.

यावर ‘माझी आजी जन्मभर शिकेकाईनेच न्हायली, तिचे केस गुडघ्यापर्यंत होते’ हे उत्तर ठरलेलं. खरंय. पण आजी आदल्या रात्री वाटीभर तेल जिरवायची आणि शिकेकाई त्यातलं वरवरचं तेल तेवढं काढायची. तेल आणि शिकेकाई ही जोडी आहे. आपण तेल सोडलं आणि शिकेकाई तेवढी धरली. शिवाय आजीच्या केसांना ब्लीच माहीतच नव्हतं.

ब्लीचने नेमकं काय जातं ते थोडक्यात सांगते, म्हणजे उपायांकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल. केसावर एकावर एक असे खवले असतात आणि सगळ्यात वर एक अतिशय पातळ स्निग्ध थर असतो, तो केसाशी रासायनिक बंधाने जोडलेला. अल्कलीधर्मी ब्लीचमध्ये हा थर निघून जातो, खवले उचकटतात आणि आतल्या प्रथिनातले गंधकाचे बंध तुटतात. सरळ करायच्या क्रीममध्येही हेच बंध तोडून पुन्हा जोडायचे असतात, आणि सगळे जोडले जात नाहीत. केस मेलेला असतो, त्याला जखम भरून काढता येत नाही. तो थर जास्वंदीने परत येत नाही, तसाच तो आमच्या पार्लरमधल्या हेअर स्पानेही येत नाही. आमच्या धंद्यात हे मोठ्याने बोलायचं नसतं, पण स्पाची मऊपणाची मुदतही चार-दोन धुण्यांचीच असते.

तुमची परिस्थिती कितपत वाईट आहे ते घरी बघा. गळलेला एक केस ओला करा, दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा. चांगला केस थोडा लांबतो आणि सोडला की जागेवर येतो. जो लांबतच जातो, परत येत नाही आणि तुटतो, त्याच्यावर कुठलंही पाणी घालून वेळ घालवू नका. तेवढा भाग कापणं हाच उपाय. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे घाई करून एकदम सगळे कापायची गरज नाही, दर दोन-तीन महिन्यांनी टोकं घेत राहा.

आता बुळबुळीत पाण्याकडे येते. जास्वंदीचा पाला मला सगळ्यात आवडतो, कारण फुकट मिळतो आणि केसांवर थर साचत नाही. साधी लाल, एकेरी पाकळ्यांची गावठी जास्वंद घ्या. मोठी जून पानं नकोत, कोवळी घ्या, दोन मुठी. धुऊन तांब्याभर गार पाण्यात हाताने चुरायची. मिक्सरला लावू नका, चोथा इतका बारीक होतो की केसांतून निघता निघत नाही. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, नुसता हिरवा वास येतो. मग एकाएकी पाणी जड होतं आणि बोटं वर उचलली की तार सुटते. तार सुटली की थांबायचं आणि सुती फडक्यातून पिळून गाळायचं. गाळण्याने गाळू नका, पानांचे तुकडे राहतात आणि वाळल्यावर ते कोंड्यासारखे दिसतात.

हिवाळ्यात जास्वंदीला पाला कमी असेल किंवा तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल, तर जवस. दोन टेबलस्पून जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं झालं की लगेच उतरवा आणि गरम असतानाच गाळा. गार झालं की ते फडक्यातून उतरतच नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल. हे घट्ट असतं, म्हणून दोन चमचे तांब्याभर पाण्यात कालवून वापरायचं. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, लागेल तसा एक खडा काढा. मेथी रात्रभर भिजवून तिचं नुसतं पाणी घेतलं तरी चालतं, पण वास दोन दिवस जात नाही. ऑफिसला जाणाऱ्या बायकांना मी ते सांगतच नाही.

वापरायची पद्धत महत्त्वाची. सौम्य शाम्पूने फक्त टाळू धुवा, पाणी निथळू द्या, मग हे पाणी कानाच्या खालच्या केसांवर हळूहळू ओता. खाली घमेलं ठेवलं तर तेच पाणी पुन्हा दोनदा ओतता येतं. ते केसांत असतानाच मोठ्या दातांच्या फणीने टोकांकडून वर गुंता सोडवा. शेवटी एखादा मग साधं पाणी ओतलं तर ओता, खसखसून धुऊ नका. बाजारच्या कंडिशनरमध्ये धनभाराचे रेणू असतात आणि खराब झालेल्या केसावर ऋणभार जास्त असतो, त्यामुळे कंडिशनर नेमका खराब जागी जाऊन चिकटतो आणि धुतल्यावरही टिकतो. वनस्पतींच्या बुळबुळीत द्रवाला असा धनभार नाही, तो नुसता वर पसरतो. धुतलात की गेला. गंमत म्हणजे बऱ्याच शाम्पू-कंडिशनरमध्ये गवारीच्या बियांचा डिंकच असतो, फक्त कारखान्यात त्याला धनभार चिकटवलेला असतो.

तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मी तर तिथूनच सुरुवात केली असती. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं, आणि ब्लीच केलेल्या केसांवर ते जास्तच बसतं. बंबात किंवा गिझरमध्ये जो पांढरा थर धरतो, तोच प्रकार. शेवटच्या एक-दोन तांब्यांपुरतं तरी पाणी बदला. पाणी दहा मिनिटं उकळून, गार करून, तळचा गाळ न हलवता वरचं घेतलं तर त्यातला बराचसा जडपणा कमी होतो. सगळा जात नाही, पण केसांना फरक कळतो. पावसाळ्यात पागोळ्यांखाली बादली लावा, पहिले दोन-तीन पाऊस सोडून. ते पाणी मऊ असतं आणि त्यात जास्वंदही लवकर तार धरते.

जड पाण्यावर दुसरा उपाय आंबट पाण्याचा. एक लिटर पाण्यात एक टेबलस्पून व्हिनेगर, त्याहून जास्त नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. केस ३.७ च्या आसपासच्या पीएचला विद्युतभाराने उदासीन असतात आणि साधं पाणी असतं ७ च्या आसपास, म्हणून किंचित आंबट पाण्याने ऋणभार कमी होतो, केस कमी गुंततात आणि चमकतात. पंधरवड्यातून एकदा पुरे. टाळूला खाजवून ओरखडे आले असतील तर नको, चरचरतं. लिंबू पिळणार असाल तर तांब्याभर पाण्याला अर्धा चमचा रस बास, आणि तो नीट धुऊन टाका. लिंबाचा रस कपाळावर, मानेवर राहिला आणि उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि मागे काळे डाग राहतात. खायचा सोडा मात्र केसांच्या जवळही आणू नका. अल्कलीनेच तर ही अवस्था झाली आहे.

न्हाण्याआधीच्या खोबरेल तेलाला मी या सगळ्या पाण्यांपेक्षा वरचं स्थान देते. मुंबईच्या मॅरिको कंपनीमधल्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली होती. त्यात चांगल्या आणि ब्लीच केलेल्या, दोन्ही प्रकारच्या केसांतून धुताना जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच वाचायचं, पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, तो केसाच्या आत शिरतो आणि धुताना पाणी कमी शोषू देतो. वाटीभर नको, दोन चमचे, टोकांना आणि मधल्या लांबीला, रात्रभर.

काढा किंवा पाला गाळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये फार तर दोन दिवस. त्यात टिकवायला काही नसतं, ते नासतं. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, वनस्पतींचीही ॲलर्जी येते. आणि मध्येच कुणी ‘काळी मेंदी लाव, केस सुधारतील’ म्हटलं तर नाही म्हणा. मेंदी काळी नसते, त्यात बहुधा पीपीडी हा ॲलर्जी आणणारा रासायनिक रंग घातलेला असतो. केस तुटत नसून मुळासकट गळत असतील किंवा टाळूवर चट्टे दिसत असतील, तर हा विषय माझा नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, कंडिशनर बंदच ठेवू का. नका ठेवू. एका न्हाण्याला कंडिशनर, पुढच्याला जास्वंद, असं आलटून पालटून ठेवा. शिकेकाई फारच प्रिय असेल तर तेल लावलेल्या दिवशी, नुसत्या टाळूला, आणि ती भुकटी नको, शेंगा भिजवून उकळून गाळलेलं पाणी.