ताट वेगळं कशाला? खिडकी उघडा

प्रश्न : सासऱ्यांना फुप्फुसाचा टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन आठवडा झालाय. त्यांचं ताट, तांब्या वेगळा केलाय. वारं लागू नये म्हणून खोलीची खिडकी बंद ठेवतो. आमचा चार वर्षांचा मुलगा सारखा आजोबांकडे धावतो. त्याला बीसीजी टोचलंय. आणखी काय करावं?

उत्तर : ताट-तांब्या खुशाल एकत्र घासा. टीबी भांड्यांतून किंवा कपड्यांतून लागत नाही, हवेतून लागतो. खोकल्यातून उडणारे मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंब मात्र वाटेतच सुकतात आणि जंतूंसकट बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. म्हणजे तुमच्या घरात खरी चूक झालीय ती खिडकीची. ती दिवसभर उघडी ठेवा. टेबलफॅन असा लावा, की वारा घरातून त्यांच्या अंगावरून बाहेर जाईल. सासऱ्यांनी माणसांत बसताना मास्क लावावा, बेडका झाकणाच्या डब्यात टाकावा. औषध लागू पडलं, तर साधारण दोन आठवड्यांत त्यांच्यापासूनचा संसर्ग बराच कमी होतो. तोवर नातवाचं अंथरूण दुसऱ्या खोलीत घाला. 'लागू पडलं तर' म्हणण्याला कारण आहे : काही जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देत नाहीत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या बेडक्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर रिफाम्पिसिन रेझिस्टन्स (म्हणजे दाद न देणं) 'नॉट डिटेक्टेड' आहे ना, ते बघून घ्या. ही तपासणीच झाली नसेल, तर आधी ती करून घ्या.

मुलाला याच आठवड्यात दाखवा. बीसीजीच्या भरवशावर राहू नका; ती लहान मुलांना टीबीच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, लागण होणारच नाही अशी हमी देत नाही. ताप, खोकला, न वाढणारं वजन यांची चौकशी आणि तपासणी होईल. आजार नसेल, तर पाच वर्षांखालच्या मुलांना सहसा आयसोनियाझिड देतात : किलोमागे 10 मिलिग्रॅम, रोज एकदा, 6 महिने. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. निरोगी मुलाला औषध कशाला, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. त्याला सांगा, इतक्या लहान वयात लागणीचा आजार व्हायला फार दिवस लागत नाहीत.

प्रश्न : वय 26. टीबीच्या गोळ्यांनी दीड महिन्यात खोकला थांबला, वजन 3 किलो वाढलं. लघवी मात्र केशरी होते. गोळ्या बंद केल्या तर चालेल?

उत्तर : नाही. केशरी रंग रिफाम्पिसिनचा, म्हणजे गोळी पोटात गेल्याची पावतीच. टीबीचा जंतू आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दिवस लागतो, आणि काही तर नुसते निपचित पडून असतात. वाढणारे आधी मरतात, तेव्हा खोकला थांबतो. निपचित पडलेल्यांसाठी पुढचे महिने : आधी 2 महिने चार औषधं, मग 4 महिने तीन.

डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा लाल-हिरव्यातला फरक कळेना, तर मात्र पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेत असाल तर त्यांच्यावर विसंबू नका. रिफाम्पिसिनमुळे त्यांचा असर कमी होतो; दुसरं साधन डॉक्टरांना विचारून घ्या.