जपानला जरूर जा, पण त्या पॉलिसीच्या भरवशावर नको

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५२, खासगी कंपनीत नोकरी, पत्नी शिक्षिका, मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुढच्या मार्चअखेर, चेरीला बहर येतो तेव्हा, दोघांना पहिल्यांदाच जपानला जायचं आहे. १२ रात्रींचा मार्ग त्यांनी स्वतः आखला आहे: टोकियो, हाकोने, साप्पोरो, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा आणि परत टोकियो. टूर कंपनीचं पॅकेज माणशी साडेचार लाखांचं आहे. ते विचारतात, पॅकेज घ्यावं की आपलं आपण जावं? आणि आपलं आपण गेलो तर १४ दिवसांचा रेल्वे पास काढावा का?

टूरच्या पैशांबद्दल शेवटी दोनच ओळी आहेत. “पैशांची सोय झालेली आहे. बँकेतल्या साहेबांनी ५ वर्षांची एफडीसारखी योजना दिली होती, वर्षाला दीड लाख, पाचही हप्ते भरून झाले. मार्चपर्यंत ११ लाख येतील, त्यातले ९ टूरला आणि उरलेले मुलीला.” सोबत त्या योजनेच्या कागदपत्रांचे फोटो आणि घरच्या बाकीच्या बचतीचा तपशील.

नमस्कार. रेल्वे पासचं उत्तर खाली दिलं आहे, पण आधी त्या फोटोंबद्दल बोलू. दुसऱ्या पानावर तुमच्या नावाखाली एक तक्ता आहे. त्यात लिहिलंय: हप्ते भरण्याची मुदत १२ वर्षे, पॉलिसीची मुदत २४ वर्षे. त्याखाली विमा रक्कम १५ लाख आणि मुदतपूर्तीची रक्कम ४० लाख. ‘५ वर्षे’ त्या पानावर कुठेही नाही. ही एफडी नाही आणि एफडीसारखीही नाही. ही विमा पॉलिसी आहे, तिचे अजून ७ हप्ते बाकी आहेत आणि ४० लाख हातात येतील तेव्हा तुम्ही ७१ वर्षांचे असाल. मार्चमध्ये ११ लाख येणार नाहीत.

हे वाचून तुम्हाला त्रास होईल, पण विमानाची तिकिटं काढण्याआधी कळलं हे बरं झालं.

११ लाखांचा आकडाच आधी तपासायला हवा होता. पाच वर्षांत साडेसात लाख भरले, म्हणजे सरासरी तीन वर्षं तुमचे पैसे गुंतून राहिले. त्याचे ११ लाख व्हायचे तर वर्षाला १३-१४ टक्के व्याज हवं, तेही खात्रीचं. कुठलीही बँक असं व्याज देत नाही. खात्रीचं आणि दोन आकडी, हे दोन शब्द एकत्र ऐकू आले की तिथून उठून यायचं, समोरचे साहेब कितीही ओळखीचे असोत. आता कागदावर जे खरोखर लिहिलंय ते बघा. १२ वर्षांत १८ लाख भरायचे आणि २४ व्या वर्षी ४० लाख घ्यायचे. ऐकायला दुपटीहून जास्त वाटतं. हिशेब केला तर परतावा पडतो वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आत. तुमच्या पीपीएफ खात्यावर आज ७.१ टक्के मिळतात, करमुक्त, आणि त्या खात्यात तुम्ही ते जिवंत राहावं म्हणून वर्षाला ५०० रुपये टाकता! दीड लाख पॉलिसीत आणि ५०० पीपीएफमध्ये, हे बरोबर उलटं व्हायला हवं होतं. विमा म्हणून पाहिलं तरी दीड लाख हप्त्याला १५ लाखांचं संरक्षण फार तोकडं आहे.

पुढे काय करायचं, याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, पॉलिसी मोडून पैसे घेणे. तुमची पॉलिसी जुन्या नियमांतली आहे. त्या नियमांनुसार चौथ्या ते सातव्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या किमान ५० टक्के रक्कम मिळते, म्हणजे पावणेचार लाख. कंपनीची विशेष सरेंडर रक्कम (पॉलिसी मोडल्यावर कंपनी देते ती) थोडी जास्त असू शकते, आपण ४ लाख धरू. साडेसात भरून ४ घ्यायचे आणि ते एका सहलीवर खर्च करायचे, याला माझा साफ विरोध आहे.

दुसरा, गपचूप सगळे हप्ते भरत राहणे. बरेच लोक हेच करतात, कारण त्यात चूक मान्य करावी लागत नाही. ७१ व्या वर्षी ४० लाख.

तिसरा, पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणे. दोन वर्षांहून जास्त हप्ते भरलेले असल्यामुळे तुमची पॉलिसी बुडत नाही, कमी रकमेवर चालू राहते. १२ पैकी ५ हप्ते भरलेत, तर ढोबळमानाने ४० लाखांचे पाच-बारांश, साधारण साडेसोळा लाख, मुदतीअखेर मिळावेत. आणि सुटलेले दीड लाख दरवर्षी, सात वर्षं, पीपीएफमध्ये जातील. खात्याची १५ वर्षं भरली की पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवत न्या. ७ टक्के धरले तरी त्याच १९ वर्षांत त्याचे ३१ लाख होतात. एकूण ४७-४८ लाख. पॉलिसी मोडून ते ४ लाखही ७ टक्क्यांवर ठेवले असते तर एकूण ४५-४६ लाख झाले असते. सगळे हप्ते भरत राहिलात तर ४०. खिशातून जाणारा पैसा तिन्हींत सारखाच आहे.

म्हणून माझा सल्ला तिसऱ्या मार्गाचा. यात विमा संरक्षणही कमी होऊन सव्वासहा लाखांच्या आसपास येईल. निवृत्तीपर्यंत घर तुमच्या पगारावर अवलंबून असेल, तर तेवढ्या वर्षांचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला, फक्त संरक्षण देणारा विमा, आधी घ्या आणि तो हातात आल्यावरच हप्ता थांबवा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर प्रस्तावात लपवू नका.

हप्ता खात्यातून आपोआप जातो असं तुम्ही लिहिलंय. ती सूचना बँकेत लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून येऊ नका. तिथे तेच साहेब, किंवा त्यांच्या जागी आलेले दुसरे, एक गोष्ट नक्की सुचवतील: “ही मोडा, नवीन योजना फार चांगली आली आहे.” नवीन काहीही घेऊ नका. पॉलिसीवर कर्ज काढून टूर करा असंही सुचवलं जाईल. स्वतःच्याच पैशावर व्याज भरून फिरायला जायचं काही कारण नाही.

तक्रार करावी का? करावी. “५ साल में सब वापस” हा साहेबांचा व्हॉट्सॲप मेसेज तुमच्याकडे अजून आहे, हा मोठा पुरावा आहे, त्याचा स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पण पाच वर्षं उलटल्यामुळे आणि तक्त्याखाली तुमची सही असल्यामुळे सगळे पैसे परत मिळतील अशी आशा मी लावणार नाही. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करण्याची जी सुरुवातीची मुदत असते, ती गेली तेव्हाच हा मार्ग अवघड झाला. शिक्षकाच्या घरात, पै-पै जोडणाऱ्या माणसांना असा कागद ‘एफडी’ म्हणून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता जपान. जायचंच, फक्त ९ लाखांत नाही आणि मार्चमध्येही नाही.

तुमच्या मार्गात ८ थांबे आहेत. प्रत्येक वेळी सामान बांधून हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस जातो, म्हणजे १२ पैकी साडेतीन-चार दिवस बॅगा ओढण्यातच संपतील. साप्पोरो काढून टाका. ते उत्तरेच्या टोकाला होक्काइदो बेटावर आहे, बुलेट ट्रेन अजून तिथपर्यंत पोचलेली नाही, आणि तुमची बाकीची सगळी गावं टोकियोच्या पश्चिमेला आहेत. नारामध्ये मुक्काम नको, क्योतोहून पाऊण तासावर आहे. हाकोने टोकियोहून एका दिवसात होतं. मग उरतं ते असं: टोकियो ५ रात्री, क्योतो ४, हिरोशिमा १, ओसाका २.

यात आणखी एक गोष्ट करा. मुंबईहून टोकियोला उतरा आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून घ्या. येताना-जाताना एकच शहर ठेवलं तर शेवटी ओसाका ते टोकियो परत जावं लागेल. दोघांचे १७ हजार रुपये आणि अर्धा दिवस, दोन्ही वाचतील.

१४ दिवसांचा पास काढू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० झाला आणि १४ दिवसांचा ८०,००० वर गेला. त्याआधी जाऊन आलेले नातेवाईक अजून पास घ्यायला सांगतात, त्यांच्या वेळी ते बरोबर होतं. तुमच्या नव्या मार्गावर टोकियो-क्योतो १४ हजार येन, क्योतो-हिरोशिमा ११ हजार, हिरोशिमा-ओसाका साडेदहा हजार, म्हणजे माणशी ३६ हजारांच्या आत. १०० येनला ६० रुपये धरले तर दोघांचे पास ९६ हजार रुपयांचे आणि सुटी तिकिटं ४३ हजारांची. शहरातल्या प्रवासासाठी सुइका किंवा इकोका कार्ड पुरतं.

दोघांचा एकूण खर्च: विमान १.४ लाख, साध्या बिझनेस हॉटेलात १२ रात्री १.१ लाख, लांबच्या गाड्या ४५ हजार, शहरातला प्रवास आणि प्रवेश तिकिटं ३५ हजार, जेवण ७५ हजार, व्हिसा, प्रवास विमा आणि सिम मिळून २५ हजार. बेरीज ४.३ लाख. १० टक्के वर ठेवा, पावणेपाच. पॅकेजच्या जवळजवळ निम्मे. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने आधीच घेतलेला प्राप्तिकर, कापतील, तो विवरणपत्रात वळता होतो, त्यामुळे तो खर्चात धरू नका. पॅकेजचा खरा फायदा तुमच्या बाबतीत एकच आहे, जेवण. ताई शाकाहारी आहेत आणि तिथे साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, नूडल्समध्ये माशाचा अर्क असतो. त्याला ‘दाशी’ म्हणतात. मोठ्या शहरांत भारतीय हॉटेलं मिळतात, थेपले-चटण्या सोबत घ्या, आणि ‘मांस, मासे, दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवा. एवढ्या सोयीसाठी सव्वाचार लाख जास्त देणं मला पटत नाही.

मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा हा तिथला सगळ्यात महाग काळ. त्यानंतर २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांच्या सलग सुट्ट्या, तेव्हाही नको. मेच्या मध्याला जा. बहर नसेल, हवा सुंदर असेल आणि पावसाळा सुरू व्हायचा असेल. ताईंनाही तेव्हा शाळेची सुट्टी.

पैसेही तोवर जमतात. बचत खात्यात पडून असलेले १.८ लाख, डिसेंबरमध्ये पूर्ण होणारी ताईंची १.२ लाखांची आरडी आणि तुम्ही लिहिलेली महिना २५ हजारांची शिल्लक आठ महिने, म्हणजे २ लाख. झाले ५ लाख. ६ लाखांच्या एफडीला हात लावू नका, ती अडीअडचणीची आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणाची आहे.

या आठवड्यात विमा कंपनीच्या शाखेत जाऊन, बँकेत नव्हे, आजची सरेंडर रक्कम आणि मुदतीअखेरची पेड-अप रक्कम लेखी मागा. दोन्ही आकडे मला कळवा. पेड-अप रक्कम साडेचौदा लाखांच्या खाली निघाली आणि सरेंडरला ४ लाख मिळत असतील, तर पॉलिसी मोडून ते पैसे मुलीसाठी ठेवणं जास्त बरं, आणि मग मी वरचा सल्ला बदलेन. ते उत्तर येईपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका.